स्वतःवरच खूष असलेल्या माणसाला नेमकं काय म्हणाल?

मुठेकाठी
आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गणपतीत दरवर्षी एक प्रहसन बसवतात. यंदा लिहायचं माझ्या गळ्यात पडलंय. त्यात एक काका आहेत. बढाया मारत नाहीत, आवाज चढवत नाहीत. पंप जळलाय, मीटिंग भरलीय, सगळे एकमेकांवर ओरडतायत आणि हे खुर्चीत मागे रेलून, पोटावर बोटं गुंफून, डोळे अर्धे मिटून बसलेत. सगळे दमले की हळूच म्हणतात, "मी मागच्या वर्षीच म्हटलं होतं." (म्हटलं नव्हतं. इतिवृत्त आहे.)

बायकोच्या तोंडी या स्वभावासाठी एक शब्द हवाय. समोर आज्याही असतात आणि सातवीतली पोरंही, त्यामुळे कोशातला जड शब्द नको आणि शिवीही नको. 'पुणेकर' हे उत्तर चालणार नाही, आधीच सांगतो.

दुपारी_एक_ते_चार
शेवटच्या वाक्यानं धाग्यातली मजाच घालवलीत. 'शिष्ट' घ्या.

गवतीचहा
शिष्ट वेगळा हो. शिष्ट माणूस जिन्यात भेटला तर ओळख दाखवत नाही. हे काका थांबून पंधरा मिनिटं बोलतील, आणि त्या पंधरा मिनिटांत एकदाही चुकणार नाहीत.

बाकी या शब्दाची गंमत बघा. संस्कृतात शिष्ट म्हणजे सुसंस्कृत, जाणता. 'शिष्टाचार', 'शिष्टमंडळ' यांत तो अजून अब्रूनं राहतो. एकटा सापडला की मात्र आपण त्याचं नाक वर केलंच. शहाण्याचीही तीच गत. 'शहाणाच आहेस' हे कौतुक म्हणून शेवटचं कधी ऐकलंत?

भिकबाळी
आगाऊ.

मुठेकाठी
काका अडुसष्ट वर्षांचे आहेत.

गवतीचहा
हो, आगाऊ लहानांनाच म्हणतात. आगाऊ रक्कम असते ना, तसं वयाच्या आधीच सगळं उचललेलं. अडुसष्टाव्या वर्षी कसला आलाय ॲडव्हान्स!

भिकबाळी
मग माज. 'काय माज आहे यांना!' थेट पोचतं.

नानींचा_नातू
'माज' नको. आमच्या नानी मुळशीकडच्या, घरात गोठा होता. गाय माजावर येते तो माज. नानींसमोर कुणा माणसाबद्दल हा शब्द काढला की त्या पदर तोंडाला लावायच्या. आता रिक्षाच्या मागेसुद्धा लिहिलेला दिसतो, पण तुमच्या पहिल्या रांगेतल्या आज्यांचा विचार करा.

माझं मत 'दीडशहाणा'ला. एक शहाणपण पुरे होतं, वरच्या अर्ध्यानं घात केला. 'अतिशहाणा'ही आहे, पण त्याच्यामागोमाग त्याचा रिकामा बैल येतो आणि संवाद लांबतो.

दुपारी_एक_ते_चार
उंटावरचा शहाणा?

मुठेकाठी
जवळ आलात. पण तो उपद्रवी आहे. रेडकाचं डोकं रांजणात अडकलं म्हणून त्याला बोलावलं, तर हा उंटावरून उतरायला तयार नाही. उंट आत यावा म्हणून आधी भिंत पाडायला लावली, मग रेडकाची मान कापायला लावली आणि शेवटी रांजण फोडला. आमच्या काकांनी आजवर कुणाला काही करायला सांगितलेलं नाही. सांगितलं तर चुकायची शक्यता येते ना! ते फक्त झाल्यावर बोलतात.

जुना_बाजार
उशिरा आलो. 'पढतमूर्ख' कुणी कसं सुचवलं नाही? दासबोधाच्या दुसऱ्या दशकात समर्थांनी मूर्खाची लक्षणं पहिल्या समासात दिली आणि पढतमूर्खासाठी दहावा समास वेगळा ठेवला. साध्या मूर्खाला 'आपली आपण करी स्तुती' म्हटलंय. तुमचे काका तेवढंही करत नाहीत, म्हणजे दोन्ही समासांतून निसटले. अवघड गिऱ्हाईक आहे.

'अहंमन्य' आणि 'पंडितंमन्य' अर्थानं चपखल बसतात, पण ते अग्रलेखात शोभतील. कुठली बायको ओट्यापाशी उभी राहून 'अहो पंडितंमन्य' म्हणते?

दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८, आपल्या पुण्यातच झाला) चाळत बसलो होतो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आढ्यताखोर, घमेंडखोर, मिजासखोर, बढाईखोर. हा 'खोर' फारसीतला, म्हणजे खाणारा. लाचखोर लाच खातो, तसा हा घमेंड खातो. त्यात आपण वर 'भाव खातो' म्हणतो. मराठीत गर्व म्हणजे सगळा खाण्याचाच कारभार दिसतो. अडचण एवढीच की हे सगळे शब्द खाताना दिसणाऱ्या माणसाचे आहेत, मचमच आवाज करत खाणाऱ्याचे. तुमच्या काकांचा आवाज येत नाही.

गवतीचहा
कारण काकांचं जेवण झालंय!

नानींचा_नातू
वा! आणि बडीशेपही खाऊन झालीय.

जुना_बाजार
हेच म्हणायचं होतं, तुम्ही आधी म्हणालात. (मी मागच्याच वर्षी म्हटलं होतं.)

भिकबाळी
'आत्मसंतुष्ट' हा तयार शब्द असताना एवढा खटाटोप कशाला?

मुठेकाठी
आत्मसंतुष्ट परीक्षणात चालेल, स्वयंपाकघरात नाही. शिवाय त्यात 'संतुष्ट' आहे, तो ऐकून आज्या माना डोलवतील, साधुपुरुष समजतील.

शब्दाचा नाद सोडला. प्रसंग असा लिहिलाय: मीटिंगमध्ये चहा-बिस्किटं फिरतात. काकांसमोर बशी येते तशी काकू पलीकडून म्हणतात, "त्यांना नको देऊ रे. त्यांचं पोट स्वतःवरच भरलेलं असतं." काल वाचनात सातवीतली पोरगी सगळ्यात आधी हसली, म्हणजे पोचलं.

दुपारी_एक_ते_चार
झकास. काका कोण करतंय?

मुठेकाठी
तोच घोळ आहे. ज्यांच्यावरून लिहिलं त्यांनीच भूमिका मागून घेतली. संहिता वाचून म्हणाले, "असली माणसं असतात बरं का, मी बघितलीयत." तालमीला यायची गरज वाटत नाही म्हणे.