मजकूर थेट क्लाउडवर ढकलावा, की आधी फोनमध्ये लिहावा?

अर्धविराम
नोंदी लिहायचं ॲप करतोय, फ्लटरमध्ये (मोबाइल ॲप बनवायची गूगलची चौकट). वापरणाऱ्यानं 'जतन करा' दाबलं की फायरबेस स्टोरेजच्या (गूगलची क्लाउडवर फाइली ठेवायची सेवा) 'पुटस्ट्रिंग' या फंक्शननं मेमरीतला मजकूर सरळ वर जातो. सहकाऱ्याचा आग्रह आहे की आधी फोनमध्ये टेक्स्ट फाइल लिही, मग 'पुटफाइल' या फाइल पाठवणाऱ्या फंक्शननं ती चढव. मला हे अजिबात पटत नाही. पाच-दहा केबीच्या मजकुरासाठी फाइल बनवा, तिचा पाथ सांभाळा, काम झालं की पुसा, आणि पुसायची राहिली की ती जागा अडवून बसणार. मजकूर मेमरीत आहेच, मग हा वळसा कशाला? कोड जितका वाढवाल तितके बग वाढतात. विरोध असेल तर कारणासकट करा.

रात्रपाळी
तुमचा सहकारी बरोबर आहे. आम्ही एका ॲपमध्ये नेमकं तुमच्यासारखंच थेट वर पाठवलं होतं. एका बाईंनी दीड तास लिहून 'जतन करा' दाबलं, तेवढ्यात फोन आला. त्या बोलत असताना सिस्टिमनं आमचं ॲप मेमरीतून काढून टाकलं. लॉगमध्ये 'अपलोड सुरू' एवढी एकच ओळ होती, पुढचं काही नाही. त्यांची मेल वाचून मला दोन दिवस काही सुचलं नव्हतं.
नेटवर्क अडखळलं तर फायरबेसचं एसडीके (ॲपमध्ये जोडायचा तयार कोड) १० मिनिटांपर्यंत पुन्हा प्रयत्न करत राहतं हे खरं, पण ॲपची प्रोसेस जिवंत असेल तरच. अँड्रॉइडच्या मूळ एसडीकेत अपलोड सेशनचा पत्ता जपून ठेवून तुटलेला अपलोड नंतर पुढे चालू करता येतो, आणि ती सोय 'पुटफाइल'लाच आहे. आयफोनवर ॲप बंद झाल्यावरही अपलोड चालू राहायला हवा असेल तर तो फाइलमधूनच द्यावा लागतो, मेमरीतला डेटा चालत नाही.

अर्धविराम
वाईट झालं. पण हा दोष अपलोडच्या पद्धतीचा नाही. मसुदा लिहिता लिहिताच एसक्यूलाइटमध्ये, म्हणजे फोनमधल्या छोट्या डेटाबेसमध्ये, पडायला हवा होता. तो तिथे असेल तर अपलोड तुटला तरी पुन्हा 'पुटस्ट्रिंग' करता येतं. वेगळी फाइल तरीही लागत नाही.

रात्रपाळी
म्हणजे आधी फोनमध्ये लिहायचं हे तुम्हीही मान्य केलंत. मी फाइल या शब्दावर अडलेलो नाही. वर पोचल्याचा निरोप येईपर्यंत एक प्रत डिस्कवर हवी, एवढंच माझं म्हणणं आहे.

काना_मात्रा
दोघंही चुकीच्या दारात उभे आहात. नोंदी स्टोरेजमध्ये का ठेवताय? तिथे एक वेलांटी बदलली तरी अख्खी वस्तू नव्यानं लिहावी लागते, आणि एकाच नावावर सेकंदाला एकापेक्षा जास्त वेळा लिहू नये अशी त्यामागच्या गूगल क्लाउड स्टोरेजची मर्यादा आहे. उद्या दर अक्षराला आपोआप जतन करायची मागणी आली की काय कराल? फायरस्टोअर घ्या, म्हणजे फायरबेसचाच क्लाउड डेटाबेस. मोबाइलवर ऑफलाइन प्रत तिथे मुळातच चालू असते, नेट आलं की बदल आपोआप वर जातात. एका डॉक्युमेंटची (तिथली एक नोंद) मर्यादा १ एमआयबी, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास बाइट, आहे. देवनागरीत काना-मात्रा-वेलांटीसकट प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) ३ बाइट खातं ('की' म्हणजे ६ बाइट), तरी साधारण साडेतीन लाख चिन्हं मावतात. नोंदीला एवढं कधी लागणार?

तिसरी_घंटा
फायरस्टोअर सगळीकडे बसत नाही. आमचे मजकूर म्हणजे तासन्‌तास चाललेल्या बैठकांची टिपणं. ती एकदा लिहिली की बदलत नाहीत, आणि ब्राउझरमध्ये उघडायची असतात. अशा कामाला स्टोरेजच हवं. फक्त मेटाडेटात (फाइलसोबतच्या माहितीत) 'टेक्स्ट/प्लेन' या प्रकारासोबत यूटीएफ-८ चा कॅरसेट, म्हणजे अक्षरं कशी वाचायची ते, लिहा. आम्ही विसरलो होतो, तर ब्राउझरनं प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन चिन्हं दाखवली. दर वेळी पहिला तोच डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए'. फाइल शाबूत होती, फक्त चुकीची वाचली जात होती.
आणि एस३ (ॲमेझॉनची अशीच साठवण सेवा) वापरणार असाल तर गुप्त चावी ॲपच्या कोडमध्ये कधीही टाकू नका. एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) उलगडून ती काढणं फार सोपं आहे. सर्व्हरकडून सही केलेली यूआरएल (ठरावीक वेळच चालणारी लिंक) घ्या. ती कमाल ७ दिवस चालते, पण ५ मिनिटांची पुरते.

अर्धविराम
फायरबेसच्या एपीआय कीला (ॲपची ओळख सांगणारी चावी) हे लागू नाही. ती गुप्त नसतेच, पहारा नियमांचा असतो. माझ्या नियमात लॉगिन केलेल्याचा यूआयडी (ओळख क्रमांक) आणि फोल्डरचं नाव जुळावं लागतं, शिवाय आकार १ एमआयबीच्या आत हवा.
काना_मात्रा, नोंदी रोज बदलतात, त्यामुळे फायरस्टोअरचा मुद्दा पटतोय. या आठवड्यात तशी एक शाखा (कोडची वेगळी प्रत) काढून बघतो. फाइलच्या वळशाला मात्र अजूनही विरोध आहे.

रात्रपाळी
शाखा काढाल तेव्हा 'जतन करा' दाबल्या दाबल्या विमान मोड चालू करा, ॲप सक्तीनं बंद करा आणि मग पुन्हा उघडा. मजकूर दिसला तर मी माझा हट्ट सोडतो.