ज्यांच्याशी बांधाचा वाद झाला, त्यांच्या बैलाची तक्रार मी करावी का?

माहेर_आटपाडी:
मी सांगलीत नोकरी करते. माहेर आटपाडी तालुक्यात, महिन्यातून दोनदा आईकडे जाते. घराच्या मागे आबांचा गोठा आहे. आबा सत्तरीचे. भावकीतले नाहीत, पण लहानपणापासून आबाच म्हणते.

बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, गेले होते. आबांच्या खिलाराच्या शिंगांना हिंगुळाचा लाल रंग नव्हता. असं पहिल्यांदाच बघितलं, म्हणून गोठ्यात डोकावले. बैल हातभर दाव्याला बांधलेला, शेणाच्या राड्यात उभा. खुरं वाढून पुढे चपलेसारखी वळलेली. बरगड्या वर आलेल्या. मानेखाली गोचिडांचा थर. वेसणीजवळ जखम, तिच्यात पांढरं काहीतरी हलत होतं. शेजारच्या जर्सी गाईची अवस्था जरा बरी, कारण ती अजून दूध देते. हा बैल खरसुंडीच्या जत्रेतून आणला तेव्हा आबांनी गल्लीत पेढे वाटले होते. मीही खाल्लाय.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. गोठा खरं तर काकूंचाच होता. आबा बैल जुंपायचे आणि सोडायचे, मधलं सगळं त्या बघायच्या. पोरगा चाकणला कंपनीत आहे, दिवाळीला येतो.

आता खरी अडचण. २०१७ साली माझ्या वडिलांनी मोजणी आणली. दीड फूट आमचं निघालं. आबांनी रात्रीत खुणेचा दगड उपटून टाकला. वडील जाईपर्यंत दोघं बोलले नाहीत. मी तक्रार केली तर अख्खं गाव म्हणणार, गुरुजींच्या पोरीनं दीड फुटाचा सूड उगवला. भाऊ म्हणतो फोटो डिलीट कर. आई म्हणते दुसऱ्याच्या दावणीत तोंड घालू नये.

तक्रार कुठे करायची हे विचारायचंच आहे, पण त्याआधी करावी का ते सांगा. फोटो काढताना मला वाईट वाटत होतं, आणि थोडं बरंही वाटत होतं. ते बरं वाटणं मला आवडलेलं नाही.

---

गोठ्यातला_म्हातारा:
ताई, ३१ वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो, त्या अनुभवावरून लिहितो.

पांढरं हलत होतं त्या अळ्या. किडे पडलेत. तक्रार करायची की नाही हे पुढच्या आठवड्यात ठरवा, पण जखमेला डॉक्टर उद्याच हवा. अळ्या आत मांस खात जातात. सीताफळाचा पाला ठेचून भरतात आपल्याकडे, थोड्याफार अळ्या पडतातही, पण नाकातल्या खोल जखमेला तो पुरत नाही. १९६२ या नंबरवर फोन लावा, फिरत्या दवाखान्याची गाडी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन सांगा.

खुरं वाढलीत म्हणून लगेच दोष देऊ नका. काम बंद झालेल्या, मऊ जागी उभ्या असलेल्या बैलाची खुरं झिजतच नाहीत. बरगड्यांचंही तसंच. म्हाताऱ्या जनावराचे खालचे दात झिजले की पुढ्यात वैरण असूनही ते वाळतं. (वरचे पुढचे दात गाय-बैलाला नसतातच, शहरातली माणसं विचारतात म्हणून सांगितलं.) त्यामुळे आधी गव्हाण बघा. वैरण पडून असेल तर दोष दातांचा. गव्हाण कोरडी असेल तर माणसाचा.

---

काळा_कोट:
कायद्याचं थोडक्यात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६०चा. पुरेसं अन्नपाणी न देणं, फार आखूड दाव्याला फार वेळ बांधून ठेवणं, दोन्ही कलम ११ मध्ये येतं. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हजार नाही, रुपयेच. तीन वर्षांत पुन्हा केलं तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

त्यातही हे अदखलपात्र आहे. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतील आणि कोर्टात जा म्हणतील. घटनेपासून तीन महिन्यांत खटला दाखल व्हावा लागतो, म्हणून फोटोवर तारीख ठेवा, डिलीट करू नका. जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडेही अर्ज देता येतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत कैदेचं, ते जनावर मारण्याला किंवा निकामी करण्याला लागतं. तुमच्या प्रकरणात ते ओढून ताणून बसवू नका.

पन्नास रुपयांना आबा भिणार नाहीत. खरी भीती दारात अधिकारी उभा राहण्याची. आणि मॅजिस्ट्रेटनं जनावर उपचाराला पाठवलं तर त्याचा खर्च मालकावर पडतो, तो मात्र जड जातो.

---

रानपाखरू:
सांगलीत बसून फोटो काढणं सोपं आहे. गावात राहा, दोन जनावरं सांभाळा, कडब्याचा भाव बघा, मग तक्रारी करा.

---

सुगरण_६८:
कडबा महाग झाला म्हणून नाकात किडे पडत नाहीत, भाऊ.

मी केली होती तक्रार, माझ्या चुलत दिरांची. त्यांच्या घरात दारू होती, जनावरं दोन-दोन दिवस उपाशी. माणसं आली, पंचनामा झाला, दोन्ही बैल पांजरपोळात गेले. दीर आजही आमच्या घरी जेवत नाहीत, ते मी सोसलं. पण त्यानंतर एकदाही पांजरपोळात जाऊन बघितलं नाही की ते बैल आहेत का गेले. माझ्या गावापासून ते बारा किलोमीटरवर आहे. तक्रारीपेक्षा मला त्याची लाज वाटते. तुम्ही केलीत तर पुढेही जा, एवढंच.

---

माहेर_आटपाडी:
सगळ्यांना धन्यवाद. रानपाखरूंनाही. तालुक्याच्या डॉक्टरांना फोन करून शनिवारी सोबत घेऊन गेले.

गव्हाण बघितली. कोरडी होती. वैरण रचलेली होती, पण माळ्यावर. आबांचा गुडघा गेलाय, शिडी चढवत नाही. जर्सीला ते बांधावरचं गवत कापून घालतात, बैलाला उरलं तर.

डॉक्टरांनी चिमट्यानं अळ्या काढल्या. मी मोजायचं सोडून दिलं. जुनी वेसण कापली. आबांनी शिंगं धरली होती. बैल हलला की "हो बाळा, हो बाळा" म्हणत होते. मला वाटलं होतं ते शिव्या देऊन हाकलतील. चहा ठेवला त्यांनी, गुळाचा.

मी सरळ सांगून टाकलं की तक्रार करायच्या विचारात होते. त्यावर म्हणाले, "कर की. तुज्या बापानं मोजणी आणली तवा सरकारी मानूस आला का न्हाई? आता बी आण. कागुद बघून पोरगं तरी यील." मी म्हटलं, कागद तुमच्या नावानं निघेल, पोराच्या नाही. त्यावर गप्प बसले.

पोराला मीच फोन लावला. पोराला काही माहीत नव्हतं. म्हणाला विकून टाका. कुणाला विकायचा? २०१५पासून बैलाच्याही कत्तलीला बंदी, आणि औताला म्हातारा बैल कोण घेणार. पुढच्या रविवारी येतो म्हणालाय.

तक्रारीचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवलाय, फोटोंसकट. रविवारी पोरगा आला नाही आणि गव्हाण पुन्हा कोरडी दिसली तर सोमवारी देणार. आबांना तसं सांगूनच निघाले, चोरून नाही करणार. दीड फुटाचं म्हणाल तर ते मनात आहेच. डॉक्टर अळ्या काढत होते तेवढा वेळ मात्र आठवलं नव्हतं.

माळ्यावरची वैरण खाली काढायला भाऊ तयार झाला, तोंड वाकडं करत. आणि दावणीत तोंड घालू नये म्हणणारी आई रोज सकाळी जखमेवर मारायचा फवारा घेऊन जाते. वाटेनं जात नाही, बांधावरूनच जाते.

---

गोठ्यातला_म्हातारा:
दावं लांब केलं का? फवारा किती दिवस सांगितलाय? आणि खुरं आत्ता कापू नका. पाऊस उघडू दे, जागा कोरडी होऊ दे.

---

माहेर_आटपाडी:
दावं लांब केलं, आता आडवा बसतो. फवारा जखम भरेपर्यंत, आठ दिवसांनी डॉक्टर परत बघणार आहेत. खुरांचं त्यांनीही हेच सांगितलं. गोचिडाचं औषध सांगलीतून घेऊन जायचंय, जर्सीचं दूध घरात पितात, तर चालेल असं कुठलं आणू?