चुलतभावाने चर्चला यायचं सोडलंय, कसं बोलू त्याच्याशी?

नगरकर_पुण्यात
सगळ्यांना सलाम. जरा मोठं लिहितोय, वाचा प्लीज. माझा चुलतभाऊ आणि मी नगरला एकाच संडे स्कूलमध्ये वाढलो, दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीचे पूर्ण सभासद होण्याआधीच्या, वर्गालाही सोबतच होतो. पुण्यात आल्यावर तरुण संघाचा सेक्रेटरी तोच, नाताळात कॅरलला रात्र रात्र घरोघर फिरणारा, पेटी वाजवणारा. मागच्या वर्षी काका कॅन्सरने गेले. आजारपणात अख्ख्या मंडळीने प्रार्थना केली, उपवास धरले, आणि माती देऊन निघताना दफनभूमीच्या गेटवरच एकजण त्याला म्हणाला, "घरात विश्वास कमी पडला रे." तो काही बोलला नाही, पण हळूहळू त्याचं उपासनेला येणंच बंद झालं. कोणी बायबलमधलं वचन पाठवलं की फक्त ब्लू टिक. काकू रोज रडतात, मला म्हणतात तू समजाव त्याला. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणतायत चार जण मिळून गृहभेटीला जाऊ, पण मला ते काही बरं वाटत नाहीये. काय करू?

निवृत्त_बाई
बाळा, चार जण अजिबात नेऊ नकोस. बायबलात मत्तयच्या 18व्या अध्यायातसुद्धा आधी एकट्याने जाऊन एकांतात बोलायला सांगितलंय, आणि तेही अपराध करणाऱ्याकडे, तुझ्या भावाने तर काही अपराध केलेला नाही, उलट त्याच्याशीच कोणीतरी वाईट वागलंय. बायबलातल्या ईयोबाचे, त्या संकटांनी पिचलेल्या नीतिमान माणसाचे, मित्र आठव, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर सगळं ठीक होतं, तोंड उघडलं आणि दोष त्याच्याच माथी मारायला लागले. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर, ईयोबावर नाही. तू जा, जेवायला बस, काकांच्या आठवणी काढ. त्यांच्याबद्दल त्याच्याशी कोणी बोलतं तरी का आता?

वसईचा_डॅनी
आम्ही कॅथलिक, पण प्रकार तोच. मी स्वतः बरीच वर्षं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जात नव्हतो. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, आला की घरात कन्फेशनवरून, म्हणजे फादरकडे पापं कबूल करण्यावरून, भांडण ठरलेलं, मग मी मुद्दाम संडेला ड्युटी लावून घ्यायचो. उपयोग झाला तो एकाच मित्राचा, त्याने चर्चचा विषय कधी काढला नाही पण फोन करणंही कधी सोडलं नाही, आई ॲडमिट होती तेव्हा रात्री हॉस्पिटलात बसायला तोच. एक दिवस मीच त्याला म्हटलं, येतो रे उद्या. आणि आत शिरतो न शिरतो तोच एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "आज कसा काय उगवलास?" तिथूनच परत फिरणार होतो मी. त्यामुळे तो आला तर लोकांना आधीच सांगून ठेव, टोमणा नको आणि टाळ्याही नकोत, नेहमीसारखी जागा द्यायची.

सायलस_एम
वरचं सगळं पटतं पण एक बोलतो, राग मानू नका. गप्प राहायचं म्हणजे कायमचं गप्प राहायचं असं नाही. बायबलातल्या याकोबाच्या पत्राच्या शेवटी भरकटलेल्याला माघारी आणण्याबद्दल स्पष्ट लिहिलंय, आपण घाबरून ते काम टाळतो आणि त्याला प्रेम म्हणतो. फक्त क्रम बघा. लूकच्या 24व्या अध्यायात येशूचे दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस गावाकडे निघालेत, पुन्हा उठलेला प्रभू येशू त्यांच्याच दिशेने चालतो, आधी विचारतो काय बोलताय, त्यांचं सगळं ऐकून घेतो आणि मग शास्त्र उलगडतो. आणि गाव आल्यावर पुढे जातोय असं दाखवतो, त्यांनी आग्रह केला तेव्हा घरात जातो. म्हणजे बोलायचं नक्की, पण त्याने दार उघडल्यावर.

नगरकर_पुण्यात
थँक्यू सगळ्यांना. एकदाच तो थोडं बोलला होता, म्हणाला "कोणी प्रार्थना केलीच नसती तर काय वेगळं झालं असतं सांग." मला उत्तरच सुचलं नाही.

निवृत्त_बाई
नाही सुचलं ते बरंच झालं. मेलेल्या मित्राला, लाजराला, पुन्हा जिवंत करणार हे ठाऊक असूनही येशू आधी रडला. अरे, हा प्रश्न विचारतोय म्हणजे देवाशी अजून भांडतोय, भांडण चालू आहे तोवर नातं तुटलेलं नसतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 ला इंग्लंडात झाला, त्यानंतर त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून, तिथल्या नन सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून केवढे वाद घातलेत त्यांनी. त्यांनीच लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळायला पुढे आठेक वर्षं गेली. आणि त्याच बाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. कधी त्यानेच काही वाचायला मागितलं तर बायबलातलं स्तोत्र 88 दे. त्यात शेवटपर्यंत अंधारच आहे, दिलासा नाही, तरी ते शास्त्रात आहे.

वसईचा_डॅनी
आणि गेटवर बोलला त्याचं काय? त्याला कोणी काही विचारलं का नाही?

नगरकर_पुण्यात
नाही, कोणीच नाही. पाळकसाहेबांना मी फोन केला आत्ता, गृहभेट तूर्तास रद्द करायला सांगितली आणि गेटवरचं सगळं त्यांच्या कानावर घातलं, त्यांना माहीतच नव्हतं. त्या गृहस्थांशी ते स्वतः बोलणार आहेत. भावाची कंपनीची सुट्टी गुरुवारी असते, मी हाफ डे टाकून जेवायला जातोय. काकूंना म्हटलं त्या दिवशी चर्चचा विषय तुम्हीही काढू नका, मटण करा, काकांना आवडायचं तसं.