पेपरला उशीर म्हणून गेटवरच अडवलं, हायकोर्टात रिट (सरकारी यंत्रणेविरुद्धची याचिका) टिकेल का? मदत हवी आहे

भाचीच्या प्रवेश परीक्षेबद्दल विचारतोय. परीक्षेचं आणि केंद्राचं नाव मुद्दामच लिहीत नाही. वर्षातून एकदा, देशभर एकाच दिवशी होते, एवढं पुरे. दीडला गेट बंद, दोनला पेपर, हे प्रवेशपत्रावर छापलेलं आहे आणि त्याबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही.

म्हणणं वेगळंच आहे. पोरगी १:२० च्या सुमारास केंद्रावर हजर होती. दिलेल्या पत्त्यावर जे गेट आहे तिथल्या रखवालदाराने "इथून नाही, मागच्या गेटने जा" म्हणून पिटाळलं. पाटी कुठेच नव्हती. अख्ख्या आवाराला वळसा घालून मागे पोचली तर कुलूप! आणखी तीन-चार मुलांचं तसंच झालं. केंद्रप्रमुख बाहेर आलेच नाहीत, आणि लेखी मागितलं तर म्हणे लेखी काही मिळत नाही.

ताई-भाऊजी म्हणतात पुढच्या वर्षी बघू. पोरगी (वय १७) ऐकायला तयार नाही, आणि मी तिच्या बाजूने आहे.

रिट करता येईल का? परीक्षा घेणारी संस्था दिल्लीची, मग तिकडे जावं लागेल का? एकाने ग्राहक मंचाचा सल्ला दिलाय, त्यात दम आहे का? आणि सीसीटीव्ही फुटेज कसं मिळवायचं?

प्रतिसाद १:
वकील आहे, पण कागद न बघता लिहितोय हे ध्यानात घ्या. "उशीर माफ करा" म्हणून गेलात तर पहिल्याच तारखेला परत याल. परीक्षेच्या नियमांत कोर्ट सहसा हात घालत नाही. तुमची केस उशिराची नाहीच. ती वेळेत आली होती आणि केंद्राच्या माणसाने चुकीच्या वेळी दुसरीकडे धाडलं. याचिकेच्या पहिल्या परिच्छेदात हेच यायला हवं.

फुटेज सगळ्यांत आधी. माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, तोवर रेकॉर्डिंग पुसलं जायचं. आजच केंद्राला आणि संस्थेला ईमेल व स्पीड पोस्टने "दोन्ही गेटचं फुटेज जपून ठेवा" असं कळवा. याचिकेत तसा अंतरिम आदेशही मागा. रिक्षाचे पैसे मोबाइलवरून दिले असतील तर ती वेळ, फोनचं लोकेशन, कॉलची यादी, सगळं जमा करा.

दिल्लीला जायची गरज नाही. राज्यघटनेच्या कलम २२६(२) प्रमाणे घटना जिथे घडली तिथल्या हायकोर्टात जाता येतं. सुट्टी असेल तर सुट्टीकालीन न्यायालयापुढे तातडी दाखवा. ती अज्ञान (कायद्याने १८ वर्षांखालील) असल्याने याचिका वडिलांमार्फत. ग्राहक मंच विसरा, परीक्षार्थी हा ग्राहक नव्हे असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच बिहार बोर्डाच्या प्रकरणात सांगून टाकलंय.

फेरपरीक्षेची मात्र फार आशा धरू नका. २०२१ च्या नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत सोलापूरच्या केंद्रावर पर्यवेक्षकांच्या हातून प्रश्नपुस्तिका आणि उत्तरपत्रिकांची अदलाबदल झाली होती. मुंबई हायकोर्टाने दोघांची परीक्षा पुन्हा घ्यायला सांगितलं, तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. उलट २०१९ ला हंपी एक्स्प्रेस रखडल्याने कर्नाटकातल्या मुलांची नीट हुकली, तेव्हा त्यांना २० मे रोजी दुसरी संधी मिळाली. पण ती बरीच मुलं होती आणि निर्णय सरकारी पातळीवरच झाला. म्हणून त्या तीन-चार मुलांना गाठा, सगळ्यांनी मिळून संस्थेला आधी निवेदन द्या. उत्तराची वाट बघत महिना घालवू नका, निकाल लागला की प्रकरण आणखी अवघड होतं.

खर्चाचं म्हणाल तर महिला आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. १५१०० वर फोन करा.

धागाकर्ता:
खूप आभार. त्यातल्या एका मुलाच्या आईचा नंबर मिळालाय. ईमेल आत्ताच पाठवतो. रखवालदार कंत्राटी निघाला तर त्यालाही प्रतिवादी करायचं का?

प्रतिसाद १:
त्याने आकसाने केलं असं म्हणायचंय का? नसेल तर नको. संस्था आणि केंद्रप्रमुख पुरेत. फक्त त्याचं वर्णन, गणवेश आणि नेमके शब्द पोरीकडून आजच लिहून घ्या.