नंदुरबारचा विकास खुल्या आकड्यांतून मोजता येतो का?
(चौघांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

सातपुड्याचा नकाशा
मागास भागाचा विषय निघाला की 'आकडेच मिळत नाहीत' हे ठरलेलं. माझं म्हणणं उलट आहे. आकडे आहेत, ते जुळवायचा कंटाळा आहे. नंदुरबारच घ्या. २०११ च्या जनगणनेचे गावनिहाय तक्ते फुकट उतरवता येतात: लोकसंख्या, साक्षरता, अनुसूचित जमाती, काम करणारे. जिल्ह्यात १६ लाख ४८ हजार लोक, त्यात सुमारे ६९ टक्के आदिवासी. गावात आरोग्य उपकेंद्र नसेल तर ते किती लांब आहे हेही कळतं. मात्र नेमके किलोमीटर नाहीत, पाचच्या आत, पाच ते दहा आणि दहापुढे असे तीनच गट. त्यावर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन फेऱ्यांच्या जिल्हा पत्रिका आणि एचएमआयएसचे, म्हणजे आरोग्य केंद्रांकडून येणाऱ्या नोंदींच्या सरकारी प्रणालीचे, महिनेवार आकडे चढवा.

जोडणी जनगणनेच्या गाव-तालुका कोडवर करा, नावावर नको. जनगणनेतलं अक्राणी म्हणजेच धडगाव, हे संगणकाला कळत नाही. आणि एक्सेलमध्ये फाइल थेट उघडू नका. तालुक्याच्या पाच अंकी कोडच्या सुरुवातीचं शून्य उडतं आणि एकही ओळ जुळत नाही. आयात करतानाच तो रकाना 'टेक्स्ट' ठेवा.

भारांक
जुळवाल हो, पण जुळवलेल्यातून निघणार काय? पाहणीत एका जिल्ह्यात साधारण हजारच्या आत-बाहेर घरं येतात. पाच वर्षांखालची, उंची मोजलेली मुलं समजा २५० निघाली आणि त्यांत ४० टक्के बुटकी, म्हणजे वयाच्या मानाने उंची फारच कमी असलेली. नमुना गावांच्या गठ्ठ्यांतून घेतात म्हणून डिझाइन इफेक्ट, म्हणजे त्यामुळे वाढणाऱ्या अनिश्चिततेचा गुणक, धरावा लागतो. तो १.५ धरा. आकडा होतो ४० अधिक-उणे ७.४, म्हणजे ३२.६ ते ४७.४. दोन फेऱ्यांतला फरक काढायचा तर पट्टा आणखी रुंद, अधिक-उणे जवळपास साडेदहा टक्के-बिंदू. जिल्ह्यात चार टक्के-बिंदूंनी कुपोषण घटलं म्हणून बातमी येते, ती या पट्ट्यात कुठल्या कुठे बुडून जाते. पत्रिकेत कंसातला आकडा २५ ते ४९ नोंदींवरचा असतो आणि २५ च्या खाली नुसती फुली असते. नकाशा रंगवणारे कंस काढून टाकतात आणि बिनदिक्कत रंग भरतात.

सातपुड्याचा नकाशा
पट्टा मान्य. पण म्हणून आकडाच टाकून द्यायचा? राज्य पातळीवर तोच स्रोत ठामपणे बोलतो. महाराष्ट्रात बुटकेपणा ३४.४ वरून ३५.२ वर गेला, म्हणजे जागचा हलला नाही, त्याच काळात देशाचा ३८.४ वरून ३५.५ वर उतरला. जिल्ह्यासाठी एकाच आकड्यावर न थांबता पाच-सहा निर्देशक एकत्र बघावेत.

ज्यांच्याकडे पाहणीतल्या घराघराच्या मूळ नोंदी आहेत त्यांच्यासाठी: बुटकेपणा मुलांच्या केआर फाइलमधून काढू नका. तीत फक्त मुलाखत झालेल्या बायकांची मुलं असतात. अहवालाचा आकडा घरातल्या माणसांच्या पीआर फाइलमधून येतो. एचसी७० हा वयानुसार उंचीचा रकाना (प्रमाण विचलन गुणिले १००), उणे २०० च्या खाली ते बुटकं. अट अशी की मूल आदल्या रात्री त्या घरात झोपलेलं असावं, म्हणजे एचव्ही१०३ बरोबर १. ९९९६ आणि त्यापुढचे कोड आधी गाळा. ते राहिले की न मोजलेलं मूल धडधाकट म्हणून मोजलं जातं आणि टक्केवारी आपोआप सुधारते. प्रत्येक नोंदीचं वजन सांगणारा भारांक दहा लाखांनी भागा.

भारांक
'मूळ नोंदी आहेत त्यांच्यासाठी' हे किती सहज म्हणालात! त्या नोंदी डीएचएस या अमेरिकेच्या मदतीवर चालणाऱ्या पाहणी-कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर अर्ज करून मिळायच्या. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत बंद झाली आणि नवे अर्ज अडकले. आपल्याच घरांत जाऊन मोजलेली मुलं, आणि किल्ली परदेशात. याला खुला डेटा म्हणायचं तर शब्दालाच अर्थ उरत नाही.

तापीकाठ
दोघंही जिल्ह्यावरच अडून बसलात. शहादा तापीच्या सपाटीवर, ऊस, केळी, पाणी. धडगाव आणि अक्कलकुवा सातपुड्यात, पाडे डोंगरभर विखुरलेले. यांची सरासरी काढली की जो आकडा येतो तो कुठल्याच गावाचा नसतो.

हे नवं नाही. राज्यातला विभागीय असमतोल तपासणाऱ्या १९८४ च्या दांडेकर समितीने अनुशेष, म्हणजे विकासातली तूट, जिल्हा धरून मोजला. तेव्हा नंदुरबार धुळ्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. म्हणजे अक्राणीची कमतरता धुळ्याच्या सरासरीत विरघळून गेली. आता नंदुरबारच्या सरासरीत विरघळते, एवढाच फरक. पालघरचंही तसंच: २०१४ ला ठाण्यातून निघालं, पण २०१५-१६ ची पाहणी २०११ च्या जिल्ह्यांवर बेतलेली. जुनं ठाणे आणि नवं ठाणे शेजारी ठेवून 'सुधारणा' दाखवणाऱ्याने निदान हद्द तरी बघावी.

उपकेंद्र
तालुका पातळी हवी म्हणून लोक एचएमआयएसकडे वळतात, आणि तिथे छेद फसवतो. अंश खरा असतो: इतक्या मुलांना लस दिली. छेद अंदाजाचा: लोकसंख्या गुणिले जन्मदर. लाख लोकसंख्येला राज्याचा दर हजारी १५ धरला तर अपेक्षित जन्म १,५००. डोंगरी तालुक्यात खरा दर २० असेल तर जन्म २,०००. लस मिळाली १,८०० बाळांना. कागदावर १२० टक्के, प्रत्यक्षात ९०, आणि राहिलेली २०० बाळं नेमकी लांबच्या पाड्यांवरची. त्यात लोकसंख्या २०११ वरून पुढे ताणलेली, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही.

दुसरं, बाळंतपण जिथे होतं तिथे नोंदतात. नवापूरची बाई सोनगड किंवा व्याऱ्याला बाळंत झाली की नोंद गुजरातच्या खात्यात. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांचंही तेच. मार्चमधली तूट ही सेवेची तूट की माणसंच गावात नव्हती, हे फाइल सांगत नाही.

सातपुड्याचा नकाशा
छेदाचं पटलं. मग टक्केवारी सोडा, अंशाला अंशानेच भागा. पेंटा म्हणजे बाळांना तीन डोसांत देतात ती पाच रोगांवरची लस. पहिल्या पेंटाला आलेली मुलं आणि तिसऱ्या पेंटाला आलेली मुलं, यांतली गळती काढा. तिथे लोकसंख्येचा अंदाज लागतच नाही. तालुक्यातालुक्यांत तुलनाही होते.

उपकेंद्र
गळती वापरा, पण उणे आली तर दचकू नका. पहिला डोस बाहेर घेऊन परतलेलं मूल तिसऱ्यालाच दिसतं, किंवा कुणी दोन महिन्यांची नोंद एकदम चढवलेली असते. महिन्याऐवजी एप्रिल ते मार्च बेरीज घ्या. आणि मुळात जे पहिल्या डोसालाच आलं नाही, ते मूल तुमच्या गळतीत नाहीच. धडगावचा प्रश्न तोच आहे.

तापीकाठ
म्हणून म्हणतो, आधी २०११ च्या गाव तक्त्यातून 'उपकेंद्र दहा किलोमीटरपुढे' असलेली गावं काढा आणि लसीकरणाची यादी त्याच गावांची मागा. जिल्ह्याचा नकाशा नंतर रंगवू.

भारांक
यादी मागाल, पण तो आता खुला डेटा राहिला नाही. तो माहिती अधिकाराचा अर्ज झाला.