सिमने नेटवर्क तपासलं, तरी पाळत ठेवता येते
अनेकदा म्हटलं जातं की थ्रीजीपासून सिमसुद्धा नेटवर्कला पारखून घेतं, म्हणजे खोट्या टॉवरचा प्रश्न मिटला. हे अर्धंच खरं आहे. टूजीत परीक्षा फक्त सिमची व्हायची. थ्रीजीत नेटवर्कच्या आव्हानासोबत (ओळख पटवण्यासाठी पाठवलेल्या यादृच्छिक आकड्यासोबत) मॅक, म्हणजे त्या सिमच्या गुप्त किल्लीने बनवलेला पडताळणी-संकेत, आणि दर वेळी पुढे सरकणारा अनुक्रमांक येतो; ते दोन्ही सिम तपासतं. पण खरी गोम नकारात आहे! मॅक चुकला तर एक उत्तर, मॅक बरोबर पण अनुक्रमांक जुना असेल तर वेगळंच. त्यामुळे एखाद्याचं आधी पकडलेलं आव्हान पुन्हा हवेत सोडलं, की ‘अनुक्रमांक जुना’ म्हणणारा फोन त्याचाच; बाकीच्यांची किल्ली वेगळी, म्हणून त्यांचा मॅकच चुकतो. किल्ली न फोडता पाळत. फाइव्हजीत ग्राहकाची ओळख मूळ नेटवर्कच्या (त्याच्या स्वतःच्या मोबाइल कंपनीच्या) सार्वजनिक किल्लीने झाकली, म्हणजे ती फक्त त्या कंपनीलाच उघडता येते, हे मोलाचं काम झालं. ही दोन वेगळी उत्तरं मात्र फाइव्हजी-एकेए या फाइव्हजीच्या ओळख-तपासणी पद्धतीतही राहिली, आणि ती तेव्हाच एकसारखी करायला हवी होती.