दहा गुंठ्यांची बोडी, मासे आणि वर कोंबड्या: पक्षी किती ठेवावे?

धुऱ्यावरची_तूर
साकोली तालुका, जिल्हा भंडारा. तीन एकर धान, बांधीच्या (धानाच्या वावराच्या) वरच्या अंगाला दहा गुंठ्यांची बोडी, म्हणजे लहान तळं. पोळ्याला छातीभर पाणी, होळीला गुडघाभर, मे महिन्यात भेगा. यंदा पाण्यात कटला-रोहू सोडायचे आणि वर कोंबड्यांचा खुराडा बांधायचा आहे, म्हणजे विष्ठा पाण्यात पडून माशांचं खाद्य तयार होईल. कोणी शंभर पक्षी सांगतो, कोणी वीस. की बदकंच बरी?

बोडीवाला
शंभर विसरा, भाऊ. हेक्टरी ५००-६०० कोंबड्या, म्हणजे दहा गुंठ्यांना ५०-६०, हा हिशोब बारमाही दीड-दोन मीटर पाणी असलेल्या तळ्याचा. तुमच्याकडे दिवाळीनंतर पाणी उतरत जाईल, विष्ठा मात्र तेवढीच पडत राहील. ४० पक्षी पुरे. पिल्लं रोवणीच्या (धान लावणीच्या) आसपास आणा, दिवाळीपर्यंत विकून मोकळे व्हा.

खुराड्याचा तळ बांबूच्या कमच्यांचा, दोन कमच्यांत बोटभर फट. फट मोठी झाली की पाय अडकतात, लहान ठेवली की विष्ठा तिथंच साचते. तळाखाली ताडपत्री सरकवता येईल अशी सोय आत्ताच करून ठेवा. कशाला, ते खाली कोणीतरी सांगेलच.

पहाटपाळी
मीच सांगतो. पाणी हिरवं असलं की शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तोच ओढून घेतं. त्यात विष्ठा कुजते, तिलाही प्राणवायू लागतो. चार दिवस आभाळ राहिलं की पहाटे मासे तोंड वर काढून गटागटा हवा घेताना दिसतात. तेव्हा खाद्य बंद, ताडपत्री लावून विष्ठा बंद, आणि मोटारीनं विहिरीचं पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं पाडायचं. ऊन वर आल्यावर मासे खाली गेले म्हणून निर्धास्त राहू नका, दुसऱ्या पहाटे परत तेच होतं.

रोजची परीक्षा सोपी आहे. सकाळी दहाच्या उन्हात हात कोपरापर्यंत सरळ बुडवा. तळवा अंधुक दिसला तर ठीक. मनगट बुडताच तळवा दिसेनासा झाला तर त्या दिवशी विष्ठा पडू देऊ नका.

बोडीवाला
मासे राहिलेच. बोडी पूर्ण सुकत असेल तर मरळ-मांगूर हे मासेखाऊ मासे मारायला मोहाची पेंड टाकायची गरज नाही. पाणी भरण्याआधी तळाला २० ते २५ किलो विरलेला चुना पसरा. बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) ५०० पुरे: कटला २००, रोहू १५०, मृगळ १५०. जिरे (त्याहून बारीक पिल्लं) स्वस्त पडतात, पण सहा-सात महिन्यांच्या पाण्यात ते विकण्याजोगे होत नाहीत. सांडव्याला जाळी तिरपी लावा. उभी जाळी पाल्यानं तुंबते आणि बोडीचा बांध फुटतो.

बदकपक्ष
बदकं ठेवायची तर दहा गुंठ्यांना २०-२५, आणि बोटुकली चार इंचांपेक्षा मोठीच हवी, नाहीतर बदकंच ती गिळतात. बांधीत रोवणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी, पऱ्ह्यांनी (रोपांनी) मूळ धरल्यावर सोडा. लोंबी निघायला लागली की बाहेर, दाणा ठेवत नाहीत.

फवारणी केलेल्या बांधीत मात्र बदकं नकोत. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशकं मासे मारायला थोडकीही पुरतात, म्हणून पंप बोडीत धुवायचा नाही, वारा बोडीकडे असताना फवारायचं नाही.

धुऱ्यावरची_तूर
बोडीचं पाणी बांधीत सोडलं तर युरिया कमी करायचा का?

बोडीवाला
हो, दुसरा हप्ता पानाचा रंग बघूनच द्या. पानं काळपट हिरवी असताना युरिया टाकला की तुडतुडे आणि करपा दोन्ही येतात. उन्हाळ्यात बोडीचा गाळ बांधीत ओढाल त्या वर्षी शेणखतातही हात आखडता घ्या.